तिकाटण्यावरचं खोबरं

आई, आज तुला लिहायला बसलोय ते तुझ्या नातीच्या तापामुळे. तू तिला पाहिलं नाहीस, ती तुला फक्त भिंतीवरच्या फोटोत ओळखते. ताप आता उतरलाय, काळजी करू नकोस. पण या आठवड्यात मला आपल्या मागच्या खोलीतला तो विदर्भातला भाडेकरू सारखा आठवत राहिला आणि त्याच्यामागून तू.

हिंजवडीत तेव्हा कंपन्यांच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. तू नि दादांनी मिळून परसात पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. बाकीचे भाडेकरू बांधकामावरचे, हसते-बोलते. हा एकटाच वेगळा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल धरून निघायचा, दुपारी परत येऊन दार लावून घ्यायचा. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. गावात असा माणूस राहतो आणि तो काय करतो हे पोरांना कळत नाही, असं कसं चालेल? मी आणि काकांचा थोरला, आम्ही त्या वर्तमानपत्राला काडीने भोक पाडलं.

आत जे दिसलं त्याने आमची बोबडीच वळली. तो मांडीवर एक पुठ्ठा घेऊन बसला होता. पुठ्ठ्यावर चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत इंग्रजी अक्षर. आम्ही पाचवीत, एबीसीडी नुकती शिकलेलो, पण ही अक्षरं भलत्याच क्रमाने होती. तो डोळे मिटून त्यांच्यावर दहाही बोटं नाचवत होता आणि तोंडाने पुटपुटत होता. थोरला माझ्या कानात म्हणाला, यंत्र हाय, करणीचं. झालं. तेव्हापासून तो मांत्रिक. त्याच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून आम्ही उड्या मारत चालायचो, आणि तरीही रोज त्याच्या मागावर असायचो. भीतीची चटक लागते, आई. चिंचेसारखी, दात आंबले तरी हात परत तिकडेच जातो.

त्याच दिवसांत मला ताप भरला. उतरेना, तेव्हा शनिवारी तिन्हीसांजेला तू माझ्यावरून दहीभात, लिंबू आणि नारळ ओवाळलास आणि शाळेकडे जाताना तीन वाटा फुटतात त्या तिकाटण्यावर उतारा ठेवून आलीस. मागे वळून न बघता आलीस, आणि घरात येऊन कुणाशी न बोलता पाय धुतलेस. सकाळी माझं अंग गार होतं. तू दिवसभर गुणगुणत होतीस, आणि मी त्या संधीचा फायदा घेऊन पळालो.

आम्ही वाळूच्या ढिगामागे लपलो होतो. मांत्रिक तिकाटण्यावर आला. दहीभात कुत्र्यांनी केव्हाच खाल्ला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वाकून नारळ उचलला, त्याचं कुंकू पँटला पुसलं आणि नारळ पिशवीत टाकला. उतारा कुणी ओलांडतही नाही, ओलांडणाऱ्याला दुखणं लागतं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. आणि हा माणूस तो घरी नेत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी भोकातून पाहिलं तर तो चटईवर मुटकुळं करून पडलेला, दात वाजत होते. थोरल्याने लगेच हिशोब मांडला. “तुझा ताप गेला त्याला. आता त्यो मरंल, आन मेल्यावर पयला तुझ्याकडंच यील.” कुणाला सांगायचं नाही अशी त्याने मला तुझीच शपथ घातली.

मी संध्याकाळपर्यंत दम धरला. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. मी सगळं बोलून टाकलं. पुठ्ठा, नारळ, दात वाजणं, सगळं. मला वाटलं होतं, आधी पाठीत धपाटा बसेल. पण तुझा हात परातीतच थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. तू एवढंच विचारलंस, “नारळ आपलाच व्हता? तू बगितलास?” मी मान हलवली. तू हात धुतलेस आणि तरातरा मागच्या खोलीकडे गेलीस. दादा म्हणत होते, थांब, चार माणसं बोलावतो, कोण कुठला माणूस. तू थांबली नाहीस.

मी दारातच उभा राहिलो. तू त्याच्या कपाळाला हात लावलास. उतारा का उचललास, असं त्याला विचारलंस, पण आवाजात राग नव्हता. त्याने डोळे उघडले. “माहीत होतं जी मावशी, उतारा होता. पन भूक लागली होती.”

खिडकीपाशी नारळाची एक वाटी पडली होती, कुंकवाचा डाग राहिलेली. तू ती उचललीस. माझ्याकडे पाहिलंस, मग त्याच्याकडे. त्याच्याच चाकूने खोबऱ्याचा तुकडा काढलास आणि तोंडात टाकलास. मी ओरडलो, आई, नको. तू म्हणालीस, “खोबरंच हाय त्ये, बग.” आणि खात राहिलीस. करवंटीला पांढरं राहू नये इतकं खरवडून खाल्लंस. तुझा हात थरथरत होता. मला तेव्हा वाटलं, चाकू बोथट असेल.

दादांनी त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. टायफॉइड निघाला, आणि चार दिवसांत त्या खोबऱ्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. महिनाभर तो तुझ्या हातची पेज पीत होता. तेव्हा कळलं की तो पुठ्ठा म्हणजे कॉम्प्युटरचा कीबोर्ड. क्लासच्या फीचे पैसे संपले म्हणून बिचारा पुठ्ठ्यावर टायपिंग शिकत होता. नोकरी लागल्यावर खोली सोडताना तो पुठ्ठा त्याने मला दिला. माझी बोटं त्याच्यावरच वळली, आणि आजचं माझं पोट त्याच बोटांवर आहे.

पण माझी भीती मिटली नाही. त्याचा ताप गेला होता, म्हणजे तो आता तुझ्यात असणार. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी तुझं तोंड बघायचो. तू खोकलीस तरी मी हातातलं टाकून तुझ्या कपाळाला हात लावायचो. तू वैतागायचीस, “काय रं, माज्या तोंडावर काय लिवलंय?” मी बारावीत असताना तू काविळीने गेलीस. पाणी खराब झालंय, असं सगळा गाव म्हणत होता आणि ते खरंच होतं. मला मात्र ती करवंटी दिसत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. विज्ञान शाखेचा मुलगा होतो ना.

परवा पोरीचा ताप चौथ्या दिवशीही हटला नाही. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, रिपोर्ट चांगले आहेत. ऑफिसात लोक मला सर म्हणतात. त्या सरांनी तिन्हीसांजेला तिच्यावरून नारळ ओवाळला आणि पिशवीत घालून तिकाटण्यावर नेला. तिथे आता सिग्नल आहे, कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग आहे. दुभाजकाच्या कडेला नारळ ठेवून निघालो. आणि मागे वळून पाहिलं.

झाडू मारणारी बाई तो उचलून पदराने पुसत होती. “चांगला हाय की,” ती स्वतःशीच म्हणाली, “चटणीला हुईल.” तिच्या घरी कोण असेल, किती पोरं असतील, कोण ती चटणी खाईल, असं मनात आलं. मी परत गेलो, नारळ माझा आहे म्हणालो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपला चांगल्या दिसल्या असाव्यात, आणि नारळ माझ्या हातात आदळला. मी तो फूटपाथच्या कडेवर फोडला, तिथेच उभ्याने एक तुकडा तोंडात टाकला, आणि माझा हात थरथरायला लागला.

तेव्हा मला समजलं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्यात काही नाही हे तू मला दाखवत होतीस. तसं नव्हतं. उतारा तूच ठेवला होतास, मनापासून ठेवला होतास. तुझा माझ्यापेक्षाही जास्त विश्वास होता त्याच्यावर. तो परका पोरगा मरू नये आणि माझा ताप माझ्याकडे फिरू नये, म्हणून तू तो मध्येच अडवलास. पुढे रोज सकाळी मी तुझं तोंड बघत होतो, तेव्हा तूही आतून धास्तावली असशील, आणि वर मलाच रागावत होतीस.

हे कुठे पाठवणार? घडी करून त्या जुन्या पुठ्ठ्याखाली ठेवतो. एक मात्र सांगतो, फक्त तुला. तू अख्खी वाटी संपवलीस. माझ्याने दुसरा तुकडा गिळवला नाही. उरलेला नारळ मी नदीत टाकला.