टिकलीची पोटकामं

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र मिळालं. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तुझा दादा शेजारी उभा राहून मला उत्तरं सुचवत बसतो, आणि जे विचारायचंय ते त्याच्यादेखत विचारायची लाज वाटते.

आमचा वॉर्ड हलणार आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं आम्ही सांभाळतो, तो वॉर्ड जुन्या इमारतीत आहे. आवारापलीकडे नवी इमारत उभी राहिलीय, आणि दोन्हींना जोडणारा काचेचा लांबलचक पॅसेज वरून काढलाय. वॉर्ड हलवायची जबाबदारी हेडनर्स म्हणून माझ्या गळ्यात पडली. ऑफिसनं त्यासाठी एक सॉफ्टवेअर दिलंय. कामं त्यात लिहायची, कोण करणार ते लिहायचं, झालं की टिक करायची. शिकवायला आलेल्या बाई भराभर बोलून गेल्या आणि मी मान डोलावली. मग एकटी बसून पहिलं काम लिहिलं, ‘वॉर्ड हलवणे’, आणि त्यापुढे माझं नाव. तेव्हापासून रोज सकाळी ते मला कळवतं की काम शून्य टक्के झालं. सकाळी सकाळी कोणी नापास केल्यासारखं वाटतं.

तू लिफ्ट बसवणाऱ्यांच्या ऑफिसात दिवसभर हेच करतेस ना? मग सांग बाई, सुरुवात कुठून करू? चेष्टेवारी नेऊ नकोस. आमच्याकडे सध्या दहा-अकरा बाळं आहेत. सगळ्यांत लहान मुलीचं नाव परिचारिकांनी ‘टिकली’ ठेवलंय. कपाळावरच्या टिकलीएवढी म्हणून, आणि जन्मली त्या रात्री टिकली म्हणूनही. तिच्या छातीचा भाता मशीन चालवतंय. तिला त्या पॅसेजमधून न्यायचंय, म्हणून रोज ड्यूटी संपली की मी तिथली पावलं मोजून येते.

आठवण काढतेसच, काढत राहा.
तुझी,
वहिनी

९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चेष्टा करणार नाही असं ठरवलं होतं, पण शून्य टक्के वाचून हसू आवरलं नाही, माफ कर. आता ऐक. ‘वॉर्ड हलवणे’ हे काम नाही, ती इच्छा आहे. एका माणसाला एका दमात उरकता येतं ते काम. म्हणून मोठं काम वर लिहायचं आणि त्याच्या पोटात लहान कामं घालायची. आम्ही त्यांना सबटास्क म्हणतो. प्रत्येकापुढे एकच नाव. दोन नावं लिहिलीस की दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. एखादं लहान काम अजून अवजड वाटलं तर पुन्हा फोड, पण फार खोल जाऊ नकोस, नाहीतर शोधण्यातच दिवस जाईल. मी असते तर मशिनं, औषधं, माणसं असे तीन मोठे भाग केले असते.

दोन गोष्टी मात्र नक्की कर. कोणतं काम कोणासाठी थांबलंय ते जोडून ठेव, म्हणजे मागचं झाल्याशिवाय पुढचं उघडतच नाही. आणि बाकीच्या विभागांनी काय लिहिलंय तेही उघडून बघ. ज्या कामापुढे नुसती तारीख आहे ते कोणासाठी थांबत नाही. तारखेला तुझी बाळं दिसत नाहीत.

आमच्याकडे मोठी बातमी म्हणजे सासूबाई पोहायला शिकतायत. त्यांनी मला पाण्यात उतरवायचा चंग बांधलाय, आणि मी रोज नवं निमित्त शोधतेय.

लोभ आहे तसाच राहू दे, वाढला तर तक्रार नाही.
तुझी,
ठकू

२३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र केबिनमधल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. सबटास्कला आम्ही ‘पोटकाम’ म्हणायला लागलोय. एका परिचारिकेच्या तोंडून निघालं आणि सगळ्यांच्या तोंडी बसलं. आता मोठे डॉक्टरसुद्धा विचारतात, माझी पोटकामं कोणती.

तुझ्या तीन भागांचं मात्र जमलं नाही. दोन दिवस झटले. मशिनं एकीकडे, औषधं एकीकडे लिहून झाल्यावर वाचलं, तर त्यात बाळ कुठेच दिसेना. म्हणून सगळं पुसलं आणि प्रत्येक बाळाचं एक मोठं काम केलं. त्याच्या पोटात त्याची काचेची उबदार पेटी, त्याचं मशीन, त्याची औषधं, सोबत चालणारी परिचारिका, पलीकडे हातात घेणारी परिचारिका आणि आईला निरोप. एखादं बाळ मध्येच बरं होऊन घरी गेलं की ते अख्खं काम पोटकामांसकट पुसून टाकते. ठकू, ते पुसताना इतकं बरं वाटतं की काय सांगू.

परवा रंगीत तालीम केली. पेटीत वाळूची पिशवी ठेवली, तिला बाळ मानलं. सगळी पोटकामं एकेक करून हिरवी झाली आणि मोठं काम आपोआप ‘पूर्ण’ झालं. नव्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी ते पाहून पुढचं बाळ पाठवायला सांगितलं. आणि आमचं वाळूचं बाळ अजून पॅसेजमध्येच! नव्या वॉर्डाचं दार कार्डाशिवाय उघडत नव्हतं. चूक कोणाचीच नव्हती. प्रत्येकानं आपलं काम केलं होतं, दार उघडणं तेवढं कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. दाराचं पोटकाम लगेच घातलं. पण मला ते आपोआप पूर्ण होणं नको आहे. पलीकडची परिचारिका बाळाच्या अंगावर हात ठेवील, श्वास बघेल, रंग बघेल आणि मगच बाळ पोचलं म्हणेल. हे आपोआप प्रकरण बंद कसं करायचं?

घरीही तालीम चालू आहे. चहाची ढकलगाडी मी स्वयंपाकघरातून बैठकीत नेते आणि तुझा दादा व्हेंटिलेटर होऊन शेजारून चालतो. भूगोल शिकवणारा माणूस, पण दोनदा वाट चुकला.

सासूबाईंना सांग, मला कौतुक वाटतं. तू मात्र कठड्याला धरूनच राहा.
तुझी,
वहिनी

१ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कागदावर चित्र काढून सोबत पाठवलंय. वर उजव्या कोपऱ्यातल्या चाकावर बोट ठेव, तिसरी ओळ बंद कर. झालं.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं, रागावू नकोस. वाळूच्या पिशवीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आमच्या साहेबांनी विचारलं की, आपण लिफ्ट ‘बसवली’ असं लिहितो तेव्हा तिच्यातून कोणी वर-खाली जाऊन आलेलं असतं का. कधी असतं, कधी नसतं. आता आमच्याकडेही शेवटची टिक लिफ्टमधून फिरून आलेल्या माणसानंच करायची असं ठरलं. मी सांगितलेलं तू निम्मं ऐकलंस आणि निम्मं मोडलंस, आणि दोन्ही बरोबर केलंस. तुझं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, आणि तू माझ्या वह्यांना कव्हरं घालायचीस. तुझ्या हाताला शिस्त आहे हे तेव्हापासून ठाऊक होतं, पण ती शिस्त एवढ्या मायेची आहे हे आत्ता कळतंय.

दिवस ठरला की कळव. इकडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ठकू

१३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

काल वॉर्ड हलला. एक सोडून सगळी बाळं पोचली.

सकाळी पहिलं बाळ निघालं तेव्हा पॅसेजच्या दोन्ही टोकांना माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. बाळ पोचलं, पलीकडून टिक आली, तेव्हा कुठे दुसऱ्याचं काम उघडलं. तू शिकवलेली ती जोडणी इतकी चोख चालली की मला कोणावर ओरडावंच लागलं नाही. वॉर्डातल्या मुली म्हणतात, असं पहिल्यांदाच झालं.

टिकलीला शेवटी न्यायचं होतं. पण सकाळपासून तिचा प्राणवायू खाली यायला लागला. मोठे डॉक्टर बराच वेळ तिच्यापाशी उभे राहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं, तेही नको म्हणाले. तिचं काम वेगळं असल्यामुळे बाकी कशालाही धक्का न लावता ते तसंच थांबवता आलं.

आता दुसरी गोष्ट ऐक. तुझ्या सल्ल्याच्या पहिल्या पत्रानंतर मी इमारतीच्या इंजिनिअरांची सॉफ्टवेअरमधली कामांची पाटी उघडून पाहिली होती. त्यात लिहिलं होतं, जुन्या वॉर्डाची ऑक्सिजनची लाइन बंद करणे, आणि पुढे कालची तारीख. नुसती तारीख. मी तेव्हाच त्यांच्याशी बोलून ते काम आमच्या शेवटच्या बाळाच्या पोचण्याशी जोडून घेतलं होतं. काल संध्याकाळी त्यांना ते अडलेलं दिसलं आणि त्यांचा वैतागून फोन आला, कारण ठेकेदाराची माणसं ताटकळत उभी होती. मी म्हटलं, वर या आणि बघा. ते आले. रिकामा वॉर्ड, भिंतींवर काढून नेलेल्या मशिनांचे डाग, आणि मधोमध एकच पेटी, तिच्या शेजारी स्टुलावर टिकलीची आई. ते दारातच बूट काढून आत आले. मग मला म्हणाले, “ही इथे आहे तोवर त्या व्हॉल्व्हला कोणी हात लावणार नाही. मी स्वतः खाली थांबतो.”

ठकू, तू तारखेचं ते वाक्य लिहिलं नसतंस तर मी ती पाटी उघडली नसती. मला आधी सुचलं नव्हतं, खरंच. दादाला वाचून दाखवलं, तर तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बहिणीचं कौतुक तोंडावर करायचं नाही असा त्याचा बाणा आहे, पण चष्मा पुसत होता.

मी आता दोन्हीकडे पळते. पायांचे तुकडे पडलेत.
तुझी,
वहिनी

१७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चारच ओळी. ती कशी आहे? तू जेवतेस का? दादाला म्हणावं, व्हेंटिलेटर व्हायचं सोडून थोडा स्वयंपाक कर. सासूबाई रोज पोहून आल्या की ओल्या केसांनी आधी टिकलीचं विचारतात. काहीही असो, कळव. चांगलं नसलं तरी कळव.

तुझीच,
ठकू

२६ मार्च

चि. ठकूस,
खूप खूप आशीर्वाद.

आज टिकली नव्या वॉर्डात आहे.

गेल्या आठवड्यात तिचा श्वास हळूहळू तिचा तिला जमायला लागला. परवा मशीन काढलं. दिवसभर आम्ही आळीपाळीनं तिची छाती हलताना बघत बसलो. काल डॉक्टर म्हणाले की आता हरकत नाही, नाकाशी बारीक नळी आहे तेवढी पुरे. मी तिचं काम उघडलं. त्यात पेटीची, व्हेंटिलेटरची, बॅटरीची, दोघींनी दोन बाजूंनी चालायची अशी किती पोटकामं लिहून ठेवली होती. एकेक वाचत सगळी पुसली आणि त्यांच्या जागी एकच ठेवलं: आई घेऊन येईल.

सॉफ्टवेअर आईचं नाव घेईना, ती कर्मचारी नाही म्हणून. ऑफिसमधल्या बाईंना फोन केला. त्यांनी कारण ऐकलं आणि लगेच तिचं नाव घालून दिलं.

सकाळी आईनं तिला छातीशी धरलं, वरून आम्ही चादर बांधली. मी शेजारून छोटा सिलिंडर ढकलत होते, डॉक्टर मागे. पॅसेजच्या मध्यावर आई थांबली. काचेतून ऊन येत होतं आणि पोरीच्या अंगाला ऊन कधी लागलंच नव्हतं. आईनं चादर जराशी सरकवली आणि अंगानं किंचित वळली, ऊन टिकलीच्या गालावर येईल इतकी. टिकलीनं डोळे मिचकावले, तोंड वेडंवाकडं केलं. पलीकडे सगळे वाट बघत होते. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. त्या थांबण्याचं काम कोणी कुठे लिहिलं नव्हतं, आणि तिला चला म्हणायची हिंमत आमच्यापैकी एकाचीही झाली नाही. मग ती आपल्या मनानं चालायला लागली.

दादा आशीर्वाद सांगतो. सासूबाईंना नमस्कार. तुला जवळ घ्यावंसं वाटतंय, तेवढं पत्रातून जमत नाही.

तुझीच,
वहिनी