ओटीच्या दगडाची साक्ष

१४ मे १९७६
सापडला! किन्हीराजाच्या बावीस बेघर कुटुंबांना सरकारने नदीकाठी घरे मंजूर केली आहेत. नकाशात पूररेषाच नाही. जागा पुरात बुडते हा माझा दावा. आज पुरावाही मिळाला — ओटीचा दगड! सतरा वर्षांपूर्वीचा महापूर जिथे थांबला तिथे बायकांनी शेंदूर लावून दगड मांडला. दर श्रावणात तिथेच नदीची ओटी भरतात. मी तेव्हा अकोल्यात वकिली करीत होतो. पूर पाहिला नाही. पण साक्षीदार जागेवर उभा आहे!

१६ मे
देवमन गवंडी पाणसळ आणि दोरी घेऊन आला. बाविसांतले एक घर त्याचेच. मंजूर जागा दगडाहून चार हात खाली निघाली. चार हात! तीनदा मोजले.
"वकीलसाहेब, गोट्याची साक्ष कोर्टात चालते काय?"
म्हटले, माणसापेक्षा बरी. दगड फितत नाही.

२९ मे
तहसीलदारांनी अर्ज मान्य केला! नवी जागा दगडाच्या वर, दोन हात उंच. चाळीस वर्षांत इतका निर्दोष युक्तिवाद माझ्या हातून झाला नव्हता.

३० मे
जेवताना मी एकटाच हसलो. सूनबाई वच्छला घाबरली — "मामाजी, बरं नाही काय तुमाले?"

८ जून
नव्या जागेवर पायाची आखणी. म्हातारी रंगूबाई काठी टेकत आली.
"इथं कायले बांधून राह्यले? इथं तं माह्यी म्हैस वाहून गेली होती!"
मी दगड दाखवला. ती खो-खो हसली.
"थो गोटा? थो आमीच खाली आनला, दुसऱ्या साली! ओटीचं ताट घेऊन तेवढा चढ कोन चढन? तुमी इचारलं कोनाले?"
कोणालाच नाही. चाळीस वर्षे उलटतपासणी घेतली. या एका साक्षीदाराची घेतली नाही.
तिने मूळ जागा दाखवली: आमच्या वरच्या शेताच्या धुऱ्या-बांधावरची चिंच. मुळाशी माती उकरली — कातळावर शेंदूर! देवमन ओरडला, मीही ओरडलो असेन. लगेच मोजले. खरी रेषा दगडाहून पाच हात वर. म्हणजे मी निवडलेली जागा तीन हात पाण्याखाली.
देवमन आखणीच्या खुंट्या उपटू लागला. "आता कुठं जावं, साहेब?"

९ जून
दिवसभर दोरी धरून हिंडलो. चिंचेच्या वर, सपाट, बावीस घरांना पुरेल अशी जागा गावात एकच. तीनदा तपासले. युक्तिवादात त्रुटी नाही.

१० जून
मुलाला, बबनला, सांगितले — वरच्या शेतात यंदा पेरणीची तिफण घालू नकोस.