केसभर उंच दाढ

४ मार्च
माझ्या हातांनी बनवलेलं : अकरा हजारांवर दात. चारशे सहा कवळ्या. दुकानातली भट्टी. तीन बाकं. मला शिकवणारा एकही नव्हता! आणि आता स्वतःचीच दाढ – खालची, डावीकडची. तार दातांनी वाकवायची सवय. तिनेच मूळची फोडली.

हाडात स्क्रू बसवून चार महिने झाले. आज डॉक्टरांनी माप घेतलं. दुखलं नाही. वरची कॅप मीच बनवणार म्हणालो. ते हसले. "उस्ताद, बनवा. पण एक तुमच्या मुलीकडूनही मागवतो." मुलगी मोठ्या लॅबमध्ये आहे. ती संगणकावर दात आखते, मशीन कोरतं.

६ मार्च
मुलगी जेवायला आली. पुन्हा तेच – "बाबा, मला आपल्या दुकानात येऊ द्या ना. मशीन मी आणते."
"मी आहे तोवर तिथे हातच चालतील."
"मग आत्ताही हातच चालवा," बायको म्हणाली. "ताट गार होतंय."

१३ मार्च
कॅप झाली. पाचदा भट्टीत घातली. शेजारच्या दाढेवरचा चहाचा डागसुद्धा हुबेहूब उतरवलाय!
बायको : "डागही नवा करून घेतलात?"

१४ मार्च
भुलीची सुई नाही. कॅप बसताना हिरडी दाबली गेली, दोन मिनिटं ठणकली, मग शांत. चाव्याचा ठसा उमटवणारा निळा कागद चावला. माझ्या कॅपवर हा एवढा ठसा, बाकी दात कोरे! उंच झाली. खरा दात चावताना किंचित दबतो, स्क्रू दबत नाही. म्हणून अशी कॅप केसभर बुटकी ठेवायची. हे मीच किती जणांना शिकवलं! आणि स्वतःच्या वेळी भक्कम चावा हवा होता ना मला.
"थोडी घासतो," डॉक्टर म्हणाले.
"माझ्या कामाला कानस? काढा ती!"

मग मुलीची बसवली. कागदाचे पुसट ठिपके, बस्स. एक्स-रे काढला, स्क्रू आवळला, वरचं भोक बुजवलं.
"कशी वाटते?"
"बरी आहे."

१५ मार्च
बरी कसली! तोंडात आहे हेच कळत नाही. जीभ सारखी जाऊन शोधते. कामात लक्ष नाही. माझी कॅप खिशात.

१७ मार्च
दुपारी मुलीच्या लॅबचे मालक आले. दुकान द्या म्हणाले – भट्टीसकट, नावासकट. नाही म्हणालो. किल्ली सकाळीच मुलीच्या हातात दिली होती. अकरा लाख देत होते.