येणाऱ्याची जागा

माय, उद्या सकाळी बाजारात चुना पडणार आहे. महापालिकेची माणसं येतील, जो जिथं बसलेला दिसेल त्याच्याभोवती पांढरी रेघ ओढतील, नंबर टाकतील, आणि नवी इमारत झाली की त्या नंबराचा गाळा त्याला. रिकाम्या जागेला नंबर नाही. एवढंच आहे सगळं, पण दोन दिवस झाले, मला जेवण जात नाही.

तू गेल्यावर तुझी जागा शेजारच्या मावशीनं राखली. तीच, लसूण-अद्रकवाली. मी कुठं कुठं भटकत होतो, कधी खापरखेड्याला ठेकेदाराकडे, कधी काटोलला संत्र्याच्या पेट्या ठोकायला, आणि ती रोज तुझं पोतं अंथरून त्यावर दगड ठेवायची. कोणी टेकू लागला की म्हणायची, "तिचा पोरगा येऊन राहिला." किती वर्षं नुसता येऊनच राहिलो होतो मी! शेवटी तिचा फोन आला, "आता नाही आला तं तो दगडच बसवतीन तुया नावानं." म्हणून आलो. पालक-सांभाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलो. सांभार उन्हात पटकन मान टाकतो, पाणी शिंपडत राहावं लागतं, हे हातांना आठवत होतं, मला नाही. पण ते असो, सांगायचं वेगळंच आहे.

तुझ्या आणि मावशीच्या मधली ती हातभर जागा अजून तशीच आहे. गावाहून एकच टोपलं घेऊन आलेली, बाजारात कोणीच ओळखीचं नसलेली बाई तिथं बसायची. बोरं, आवळे, कधी नुसती शेवग्याची पानं. तू तिच्याकडे न बघता सरकायचीस, तिकडून मावशी सरकायची, आणि तुमचं चाललेलं बोलणंही तुटायचं नाही. कोण गाव, कोण जात, हे पाणी पाजल्यावर विचारलं तर विचारलं. एकदा मी तिथं दप्तर टाकून आडवा झालो होतो, तर तू पाठीत धपाटा घातलास. "काहून वं माय? रिकामीच तं हाये!" "रिकामी नाही, येणाऱ्याची हाये. बाजार हाये हा बापा, आपलं घर थोडीच हाये."

परवा सदरला एका नव्या इमारतीत शिरलो, गाळे कसे असतात ते बघावं म्हणून. थंडगार फरशी, काचा. जरा उभा राहिलो तर वॉचमन म्हणाला, "भैया, लेना क्या है?" घ्यायचं काहीच नव्हतं. कुठंतरी जायचं असल्यासारखा तरातरा बाहेर आलो, चोरी केल्यासारखा. आपल्या बाजारात ते टोपीवाले बुढे बाबा रोज येतात, सगळ्यांचे भाव विचारतात, दोन शिंगाडे तोंडात टाकतात, काही न घेता जातात. त्यांना कोण हटकतं? मी तरी शाळा चुकवून कुठं वाढलो? या बाजारात उभं राहायला कारण लागत नव्हतं म्हणूनच ना.

मावशीनं बेत सांगितला. माझी ताडपत्री दोन्ही जागांवर पसरायची. "मधली बी तुयाच रेघेत घे. मंग कोणी आलं का सरकजो." समोरचा कांदेवाला हसला, "नंबर भेटल्यावर कोणी सरकते काय वं मावशी? हा तं सेठ होईन, सेठ!" मावशी कडाडली, "तू गप रे. तुया बापाले पयल्या दिवशी याच्याच मायनं तथी मधातच बसवलं व्हतं." तो कांदे निवडू लागला. पण त्याचं बोलणं मला तेव्हापासून टोचतंय.

आज दुपारी मावशी चहाला गेली होती. ताडपत्री पसरलेली, मधल्या जागेवर माझे दोन क्रेट, उद्याची सवय व्हावी म्हणून. एक बाई आली. एसटीतून उतरून आली असावी, डोक्यावर टोपलं, पानांसकट संत्री. समोर उभी राहिली. या बायका बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात, बाकीचं आपण करायचं असतं. मला माहीत होतं काय करायचं ते. दोन क्रेट उचलायचे, बस्स. आणि मनात आलं, हिला आज बसवलं आणि उद्याही ही इथंच बसली तर रेघ हिच्याभोवती पडेल. मी मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिलो. ती केव्हा गेली कळलं नाही. मग दिसली, गेटाबाहेर, नालीच्या काठावर, टोपलं मांडीवर धरून.

मावशी आली. "कोणी आलं व्हतं काय गा?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

हे लिहून कुठं टाकणार, माय? टाकायचं असतं तर पत्ता कोणाचा घालू? खरं तर हे मावशीला सांगायचं आहे, तुला नाही. ती इथंच बसली आहे, चार हातांवर, उद्याच्या लसणाच्या पाकळ्या सोडवत. आणि मी तिच्याकडे पाठ करून तुला लिहितोय.