चाळीस फोटो एकदम

मंगळवार, संध्याकाळ

अण्णांवरचा राग अजून उतरलेला नाही.

चादरीच्या कारखान्यात ते क्लार्क आहेत. नव्या चादरींचे फोटो मी बनवलेल्या वेबसाइटवर चढवतात, तेही एकेक करून. आधी स्क्रीनवर बोट टेकवून फोटो न्याहाळायचा, बोटाचा तेलकट ठसा उमटवायचा, मग बटण दाबायचं. असल्या माणसासाठी मी तीन आठवडे खपून कितीही फोटो एकदम टाकायची सोय केली. आज शिकवायला गेले तर म्हणतात, "टाकता येतंय की. पण मग बघायचं कवा?"

बघायचंय काय त्यात? चादर ती चादर. मी ओढणीने ठसे पुसले, त्यांच्या हातातला माउस घेतला आणि चाळीस फोटो एका दमात चढवले. "बघितलंत?" असंही विचारलं, पहिलीतल्या मुलाला विचारावं तसं.

अण्णांनी चष्मा सारखा केला. "ताई, ह्यातल्या नऊ चादरी पाठीकडनं काढल्यात. मागनं रंग उलटे दिसत्यात. गिऱ्हाईक तसल्याच मागवंल की."

मी सोलापुरात जन्मले, आजवर हीच चादर पांघरली, आणि तिची पाठ मला ओळखता आली नाही. तरी तोऱ्यातच म्हटलं, मग टाका काढून.

"एकदम निघत्यात?"

एकदम काढायची सोय मी केलीच नव्हती. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. मी पुसलेल्या स्क्रीनवर एकामागून एक नऊ ठसे उमटले.