चवळीचं कूळ

अप्पा, तुमची नात तिच्या कुळात जाऊन आली. हे वाक्य तुम्हाला समोर बसवून ऐकवायला मला फार आवडलं असतं, पण तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. तशी ऐन वेळी उठून जायची सवय तुम्हाला हयातीतही होतीच. वाद हरायला लागलात की तुमची संध्येची वेळ व्हायची. आणि 'नात' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही तो एकदाही वापरला नाहीत, 'तुमची ती मुलगी' म्हणायचात. आता तुम्हाला खोडून काढता येणार नाही, म्हणून आधीच लिहून टाकते.

आम्ही तेव्हा युगांडात, कंपालात होतो. नवरा तिथल्या एका कंपनीत हिशेब बघायचा. दत्तक घ्यायचं ठरलं, सगळ्या परवानग्या झाल्या, आणि मी तुम्हाला फोन केला. दीड वर्षाची आहे म्हटलं, तिथल्या बालगृहातली आहे, आई-वडील दोघंही गेले, आजीनं आणून सोडली.  तुम्ही म्हणालात, "कुळाचं काय?" मुलगी कशी आहे, चालायला लागली का, रात्री झोपते का, काही नाही. घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम तुमच्याकडे होतं ना तेव्हा! निवृत्त हेडक्लार्कला दुसरं काय हवं? त्या जाडजूड पुस्तकात माझ्या वाट्याला एक ओळ आहे, अप्पा. 'कन्या, विवाहित.' पुढे पूर्णविराम. दादाच्या नावाखाली मात्र त्याच्या डिग्र्या, नोकऱ्या, मुलगा, मुलाला शाळेत मिळालेलं बक्षीससुद्धा. आणि हे मला नवीन नव्हतं. दादाच्या मुंजीच्या आधी तुम्ही त्याच्याकडून गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि मागच्या सात पिढ्यांची नावं घोकून घेत होतात. तो अडखळायचा, आणि दाराशी गहू निवडत बसलेली मी पुढचं नाव सांगायची. एके दिवशी तुम्ही चिडून म्हणालात, "तुला काय करायचंय पाठ करून? तू उद्या दुसऱ्याच्या गोत्रात जाणार." मी नऊ वर्षांची होते. मग मी मोठ्यानं सांगणं बंद केलं. पाठ व्हायचं ते झालंच होतं.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो. तिथं तुम्ही एकदाच आलात. आम्ही तेव्हा सेम्बावांगला भाड्यानं राहत होतो, आणि मुलगी तीन वर्षांची होती. तुम्ही तुमच्या त्या नातवाला बारशात नाव कोरलेली चांदीची वाटी दिली होतीत. हिच्यासाठी काय आणलंत? बाकरवडीचं पाकीट, तेही 'सगळ्यांना मिळून'. तीन वर्षांच्या पोरीला तिखट बाकरवडी! मी तिला सांगितलं, आजोबांना नमस्कार कर. ती सोफ्याच्या मागे लपली, आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू संस्कारांचा निकाल लागला आणि मी नापास. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही हातांत धरून, अर्धं जमिनीवर सांडत, तुम्हाला पाणी आणून दिलं. तुम्ही म्हणालात, "ठेव तिथं." भांडं संध्याकाळपर्यंत तिथंच होतं. मी ते बेसिनमध्ये ओतलं. त्या क्षणी मला तुमची किळस आली होती, हे आज स्वच्छ लिहिते.

पण जायच्या आदल्या दिवशी मी चवळीची उसळ केली. तुमची आवडती, गोडा मसाला आणि वर खोबरं. मुलगी मुठीनं खात होती, हनुवटीपर्यंत माखली होती. तुम्ही बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "चवळी खाते म्हणजे आपल्यातलीच झाली की." एवढंच. घरी परतल्यावर वर्षाच्या आत तुम्ही गेलात, आणि माझ्या हातात तेवढं एक वाक्य राहिलं. भिकाऱ्याला सणाच्या दिवशी पुरणपोळी मिळावी तसं मी ते जपलं. गणपतीत मराठी बायका जमल्या की कुणीतरी मुलीच्या केसांना हात लावायचंच. वर, "अगं, किती छान, खरे आहेत का?" असं विचारायचं. मग दुसरी म्हणायची, "पण मराठी किती गोड बोलते, आपल्यासारखीच वाटते हो!" मी हसून तुमचं वाक्य सांगायची. माझे वडील एवढे कर्मठ, पण तेसुद्धा म्हणाले. त्या बायकांची कीव करायची की माझी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि चवळी आमच्याकडे दर आठवड्याला व्हायची. वाढदिवसालाही.

यंदा ती एकोणीसची झाली आणि म्हणाली, "मला जाऊन बघायचंय." बालगृहानं आजीचा पत्ता अजून ठेवला होता. मग काय, आमच्या घरात उत्साहाला उधाण आलं. माझ्या नवऱ्यानं तिघांसाठी एकसारखे टी-शर्ट छापून आणले, छातीवर आफ्रिकेचा नकाशा. मुलगी तिच्या सिंगापुरी वळणात म्हणाली, "पप्पा, प्लीज लाह. मी मरून जाईन." त्यानं ते बॅगेच्या तळाशी लपवून नेलेच. मी लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन दोन बॅगा भरल्या. टूथब्रश, चादरी, सौर कंदील, रंगपेट्या. कुणाला काय हवंय हे एका माणसाला विचारलं नाही. गरिबांकडे जायचं म्हणजे देत सुटायचं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तुमच्याच घरात वाढले ना, अप्पा. तुम्ही वाटीत दान टाकतानाही हात वर ठेवायचात.

कंपालाहून मसाकाच्या रस्त्यानं कितीतरी वेळ गेल्यावर गाव आलं. आजीच्या घरी सोफा होता, त्यावर क्रोशाची पांढरीशुभ्र कव्हरं, टीव्ही, अंगणात विजेचा दिवा. माझे सौर कंदील बॅगेतच राहिले. आजी दारात उभी होती. वाळलेली, ताठ, सणाच्या लांब झग्यात. आणि माझी मुलगी, जी तुमच्या पायाशी वाकली नाही, जिला मी अभिमानानं कुणापुढे न वाकायला शिकवलं, ती सरळ पुढे गेली आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिथं मोठ्यांना असंच भेटतात. तिनं ते कुठंतरी वाचून ठेवलं होतं, मला सांगितलंही नव्हतं. म्हातारी तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत राहिली. माझा नवरा रडला. मला रडू आलं नाही, माझा जळफळाट झाला. आता ही गेली, असं वाटलं. एकोणीस वर्षांची मुलगी एका गुडघ्यासरशी आपल्या हातून गेली.

आजीला इंग्रजी येत नव्हतं. बोलायला तिचा धाकटा दीर होता, म्हणजे मुलीचा चुलत आजोबा. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला, मिस्कील, हातात काठी. त्यानं मुलीला पहिला प्रश्न काय विचारला असेल, अप्पा? "तुझं कूळ कोणतं, माहीत आहे?" मी हसलेच. तुम्हीच काठी घेऊन बसला आहात असं वाटलं. तिला माहीत नव्हतं. मग त्यानं सांगितलं. त्यांच्यात प्रत्येक कुळाची एक खूण असते, कुणाची मासा, कुणाची मेंढी, कुणाची अळंबी. ज्याची जी खूण, ती त्यानं खायची नाही. ती आपली सख्खी. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात ना, तसंच काहीतरी मला वाटलं. मुलीच्या बापाचं कूळ, आजोबांचं कूळ, मूळ पुरुष, मूळ टेकडी, सगळं त्यानं एका दमात म्हणून दाखवलं. तुमच्या सात पिढ्या, अप्पा, त्याच्या पहिल्या श्वासात संपल्या असत्या. 'कुळाचं काय' म्हणालात ना तुम्ही? मी मनातल्या मनात तुमच्या कुलवृत्तांताची पानं टराटरा फाडत होते. काय मजा आली म्हणून सांगू.

मग त्यानं सहज विचारलं, "तिकडे काय खाते ही?" आणि मी, मूर्ख बाई, मला तर हीच संधी हवी होती. म्हटलं, भात, पोळी, नूडल्स, सगळं. पण जीव चवळीवर. फोनवर फोटो काढून दाखवला, वाढदिवसाचा, मध्ये उसळीचं पातेलं. आणि वर तुमचं वाक्य सांगितलं. माझे वडील म्हणाले होते, चवळी खाते म्हणजे ही आमचीच झाली.

म्हाताऱ्यानं फोटो जवळ धरून बघितला. आजीला दाखवला. आजीनं तोंडावर हात ठेवला.  मग तो म्हणाला, "बाई, हिच्या कुळाची खूण चवळीच आहे."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. सोळा-सतरा वर्षं, अप्पा. दर आठवड्याला, खोबरं घालून. नवरा माफी मागायला लागला. म्हाताऱ्यानं काठीनं त्याला गप्प केलं आणि मुलीला विचारलं, "खाल्लं की अंगावर पुरळ उठतं म्हणतात. कधी उठलं?"

"नाही, नाही," नवरा म्हणाला.

"पप्पा, एक्झिमा! प्रायमरी टूमध्ये! स्कूलला महिनाभर लाँग स्लीव्हज घालून जायचे मी, विसरलास?"

म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला आला. आजीही हसली. "ज्याला ठाऊक नाही त्याला दोष नाही," तो म्हणाला. "वाढणारीलाही नाही आणि खाणारीलाही नाही. पण आता ठाऊक झालं." मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओके. आता नाही खाणार." इतक्या सहज. तुमचं एकुलतं एक दान, ज्याच्यावर मी एवढी वर्षं तगले, ते तिनं ताटात उरलेल्या घासासारखं बाजूला सारलं. 

जेवायला केळीच्या पानात वाफवलेली कच्ची केळी आणि शेंगदाण्याचा रस होता. ते झाल्यावर म्हाताऱ्यानं मुलीकडून तिची नावं घोकून घेतली. ती अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. मी दाराशी बसून ऐकत होते. तिच्या आधी मला पाठ झाली, सवय आहे. ती संपूर्ण म्हणून दाखवू शकली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो माझ्याकडे वळला. "आता तुमचं. पाहुण्यानंही सांगायचं असतं." मी नवऱ्याचं गोत्र सांगायला लागले. त्यानं हात वर केला. "ते त्याचं झालं. बाईचं कूळ लग्नानं बदलत नाही. तुम्ही कुणाच्या?"

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच.

मी ठरवलं की तुम्हाला गाळायचं. एकदम आजोबांपासून सुरू करायचं, इथं कुणाला कळणार आहे? तोंड उघडलं तर काही येईना. सातचा पाढा मधूनच म्हणता येत नाही, तसं झालं. तुम्ही दादाला शिकवलेली ओळ तुमच्या नावानं सुरू होते, आणि ती तशीच माझ्या घशात बसलेली. दोनदा प्रयत्न केला. मग तुमचं नाव घेतलं, आणि मागोमाग सगळी आली. सात पिढ्या, मूळ गाव, कुलदैवत, एकही चूक नाही. आवाज चढा, नाकातून येणारा, वाद जिंकल्यावर तुमचा लागायचा तसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगाच? मुलीनं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. विमानात म्हणाली, "आई, सेंड केलंय तुला. मलाही शिकव. दोन्ही येऊ देत, काय प्रॉब्लेम आहे?" म्हणजे ती कुठं गेली नव्हती. माझाच जीव भांड्यात पडायला विमान लागलं.

आता सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या घरात चवळीची बरणी रिकामी आहे. उरलेली मी शेजारच्या तमिळ बाईंना दिली. टी-शर्ट नवरा झोपताना घालतो. हे पत्र दादाकडे तुमच्या फोटोखाली ठेवायला पाठवावं असं आधी मनात होतं, पण तो ते उघडून वाचेल आणि कुलवृत्तांतासाठी काही सापडतंय का बघेल. तेव्हा राहू दे इथंच, ड्रॉवरमध्ये.

एक मात्र सांगायचं राहिलं. रेकॉर्डिंग मी काल पुन्हा ऐकलं. तुमच्या नावाआधी मी 'कैलासवासी' म्हटलंय. नुसतं नाव घेतलं असतं तरी तिथं कुणाला काही कळलं नसतं.