सरकारी बाजूचा साक्षीदार

तीर्थरूप अप्पांना आणि आईला नमस्कार.

माझ्या अक्षराला हसू नका. जामीन देताना कोर्टाने कॉम्प्युटरला हात लावायची बंदी घातली आहे, म्हणून हा खटाटोप. जेवण वेळेवर होतं. झोपही लागते, बहुतेक.

काल साक्ष झाली. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर कुणाचेही रिपोर्ट कुणालाही दिसतात, एवढंच मी जाहीरपणे लिहिलं आणि हॅकर म्हणून खटला माझ्यावरच! सरकारी बाजूने एक तज्ज्ञ आणला होता. जाड चष्मा, कपाळावर आठ्या. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

आमच्या वकीलबाईंनी त्याला एकच विचारलं, "हिने लिहिलं त्यात खोटं काय आहे?"

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "काहीच नाही. हिच्या आधी ते मलाही दिसलं होतं. मी गप्प बसलो."

सरकारी वकिलांचं तोंड बघण्यासारखं झालं! अप्पा, आता त्याला कोण काम देणार? तरी बोलला. बाहेर मी आभार मानायला गेले, तर मान वळवून म्हणाला, "निकालापर्यंत माझ्याशी बोलू नका. तुमच्याच अंगाशी येईल." असा माणूस!

आईचा गुडघा कसा आहे? ती माझ्यासाठी रडत तर नाही ना?

तुम्ही टाइप करून पाठवलेला माफीनामा मिळाला. सहीला जागाही सोडली आहेत. कागद चांगला जाड आहे. त्याच्याच पाठीवर हे पत्र लिहिलंय.

तुमचीच हट्टी,
ठकी